मांडी घालून बसलेली पेटी

अकरावा महिना, तिथी १९

पुन्हा बर्फ! सकाळी दार उघडलं तर अंगणातली पेटी पांढरीफटक. पंखा दिसेना, जाळी दिसेना. आत खोलीत अकरा अंश. (अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात. कोंबड्या पाळल्या की येतातच.)

सरकारनं कोळसा बंद केला. चूल उचलून नेली, चिमणी लिंपून टाकली. साठ वर्षं खांगवर झोपले मी — वर विटांचा ओटा, ओट्याच्या पोटात जाळ, पाठ भाकरीसारखी शेकून निघायची. आता म्हणे हीटपंप, अंगणातली ती पेटी. बाहेरच्या गार हवेतून ऊब काढतो म्हणे! दगडातून दूध काढणारा एक जण लहानपणी जत्रेत बघितला होता. त्यानंतर हाच.

चांगशुनचा फोन आला. एकुलता एक, म्हणून चौघांएवढा बोलतो. "आई, बाबांना झटका येऊन दीड वर्ष झालं. अशा गारठ्यात ठेवतेस त्यांना? नव्या वर्षाला येतोय मी. खोली अठराच्या खाली दिसली तर सहाव्या दिवशी परत निघताना त्यांना तालुक्याच्या केंद्रात नेणार. जागा धरून ठेवलीय. तिथं ऊब आहे, नर्स आहेत, दांड्यांना धरून चालायला शिकवतात."

मी म्हटलं, तुझा बाप म्हणजे काय कोबी आहे, गारठला की तळघरात न्यायला? आणि चालून जायचंय कुठं त्याला? दारापर्यंत? मी आहे की!

म्हाताऱ्याला विचारलं, बरोबर ना? तो म्हणाला, "हं."

अर्धं तोंड गेल्यापासून भांडणात त्याच्याइतका चांगला नवरा गावात दुसऱ्या कुणाला नाही.

तिथी २०

किटलीभर कढत पाणी पेटीवर ओतलं. बर्फ खळाखळा गळून पडला. जिंकले!

तिथी २१

हरले. कालचं पाणी खाली जाऊन गोठलं. पेटीच्या बुडाला बर्फाचा चौथरा, अंगणभर काच. त्या काचेवर मी बसले. म्हणजे बसायचं ठरवलं नव्हतं. म्हातारा खिडकीतून बघत होता. अर्ध्या तोंडानं हसला, पण पूर्ण हसला.

बोललेलं हे सगळं फोन अक्षरांत काढतो. नातीनं बसवून दिलंय. मला वाचता येत नाही, दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. यापेक्षा गुप्त जागा राजाच्या खजिन्यालाही नसेल.

तिथी २४

पांग मिस्त्रीला फोन. कंपनीचा माणूस, सतरा गावांना एकटा. "आजी, बर्फ येतोच. मशीन आपलं आपण वितळवतं. काळजी करू नका."

काळजी नाही करत बाबा. थंडी वाजते, तेवढंच.

मग विचार केला. मी गारठते तेव्हा काय करते? पांघरते. डुकरीण व्याली तेव्हा तिला काय केलं? पांघरलं. दाराला काय लावतो? कापसाचा पडदा. मग ही बिचारी अंगणात उघडी का? जुनी लाल फुलांची गोधडी काढली, नवा कापूस भरला, मापानं शिवली. वर नाडी, बाजूला गाठी. सकाळी सुई ओवली ती संध्याकाळी खाली ठेवली. माझ्या लग्नातसुद्धा मला इतकं नीट कुणी नटवलं नव्हतं.

शेजारची श्यूये भिंतीवरून डोकावली. "काकू, हे काय?"

"तुझ्या पेटीला सर्दी झालीय का बघ. माझीला होती."

तिथी २६

गल्लीत सहा पेट्या लाल गोधड्या पांघरून उभ्या. सगळ्या बायकांनी माझ्याकडून माप नेलं. जशा काही सहा नवऱ्या बोहल्यावर!

तिथी २८

सहाच्या सहा गोठल्या. साध्या नाही — दगड झाल्या. खोलीत आठ अंश. म्हाताऱ्याच्या अंगावर चार रजया, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. मी हातानं चोळत बसले.

पांग मिस्त्री आला. तीनचाकीवरून उतरला, गल्लीकडे बघितलं, नि तिथंच दगडावर बसून पोट धरून हसला.

"आजी, ही श्वास घेते! हवा आत ओढते, बाहेर सोडते. तुम्ही तिच्या नाकावर उशी दाबलीत!"

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"माहितीपुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक! मला!"

तो जरा ओशाळला. पण फोटो काढले आणि कागदावर लिहिलं. श्यूयेनं वाचून दाखवलं: बर्फाचं कारण — वापरणाऱ्यांनी घातलेल्या गोधड्या. मग सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. श्यूये म्हणाली, "काकू, तुमच्या सर्दीनं आमचं घर बसलं की!"

खरं आहे. माझीच चूक. हे इथं बोलते, गल्लीत नाही बोलणार.

तिथी २९

गावच्या भोंग्यावरून जाहीर झालं. "काही वृद्ध महिलांनी मशीनला गोधड्या शिवल्या आहेत. तसं करू नये."

काही वृद्ध महिला! नाव घ्यायचं तरी धाडस करा.

बारावा महिना, तिथी ३

गोधडी काढून पाच दिवस झाले. बर्फ आहे तसाच. पेटी उघडी, नाक मोकळं, तरी गोठते. मग? आता कुणाची गोधडी?

पांगला फोन केला. म्हणाला, कंपनीनं कारण लिहून घेतलंय, फाइल बंद.

चांगशुनचाही फोन. हसू दाबत होता, मागे सून मोकळी हसत होती. "आई, मशीनला गोधडी शिवलीस म्हणे?" बातमी तालुक्याला पोचली तर! मग गंभीर झाला. "अगं, तू सत्तर ओलांडलीस. किती दिवस किटल्या घेऊन अंगणात घसरत राहणार? बाबांचंही ठरवायलाच हवं."

मी म्हटलं, अजून महिना आहे. अठरा म्हणालास ना? बघच.

तिथी ५

आज दिवसभर पेटीसमोर बसले. बैठं स्टूल, मांडीत सूर्यफुलाच्या बिया, डोक्याला शाल. गावात नाटक आल्यावर बसतो तशी. श्यूये म्हणाली, "काकूंचं डोकंही गोठलं."

पण बघितलं ते सांगते. पेटी तासाभरानं थांबते. पंखा बंद. अंगातून वाफ येते — बाळंतिणीच्या खोलीसारखी — आणि बर्फ वितळून पाणी खाली येतं. भरपूर! म्हणजे पांग खोटं बोलला नाही, मशीन आपलं आपण वितळवतं. पण ते पाणी जाणार कुठं? पेटीचं बूड थेट फरशीला टेकलंय. पाणी बुडाखालीच साचतं, पंखा सुरू झाला की तिथंच गोठतं. पुढच्या वेळी त्यावर आणखी. असा बर्फ खालून वर चढतो. खालून! इतके दिवस मी डोक्यावर किटल्या ओतत होते आणि बर्फ पायातून येत होता. माझंच पाणी त्याला मिळालं.

मग उठले आणि गावच्या कमिटीच्या कचेरीमागे जाऊन बघितलं. कचेरीची पेटी लोखंडी पायांवर, गुडघाभर उंच. खाली पाणी टपटप, आणि जाळी कोरडी ठणठणीत.

कचेरीच्या पेटीला पाय आहेत. आमच्या सगळ्या मांडी घालून बसल्यात!

तिथी ८

आठवीचा सण, लापा. आठ धान्यांची पेज केली. म्हाताऱ्याला भरवली, हनुवटीवर थोडी सांडली, बाकी गेली. उरलेलं पातेलं घेऊन कचेरीत गेले. पेज दिल्याशिवाय कमिटीचा गेंग सेक्रेटरी ऐकत नाही.

त्यानं दोन वाट्या खाल्ल्या. मग मी विचारलं, आमच्या पेट्यांचे पाय कुठं गेले?

चमचा थांबला. "आजी, ते कंत्राटदारानं बसवलंय. यादीत बघावं लागेल. वरून मंजुरी लागेल. वसंतात बघू."

"वसंतात बर्फ मीसुद्धा वितळवीन!"

"आणि हे बघा, स्वतः हात लावू नका. गॅरंटी जाईल."

"गॅरंटी कशात लिहिलीय?"

"कागदावर."

"मग मला वाचता येत नाही. मला ती लागू नाही."

पातेलं उचललं. तिसरी वाटी मागणार होता, राहिला.

तिथी १०

सकाळी दार वाजलं. पांग मिस्त्री. कंपनीचा कोट नव्हता, साधं जाकीट.

"आजी, मी आज इथं आलेलो नाही."

"बरं. मग जो आलाय त्याला चहा देऊ का?"

खाली बघत म्हणाला, "कचेरीत तुम्ही पायांचं विचारलंत, ते ऐकून माझ्या आईकडे गेलो. तिचीही फरशीवरच बसलीय. खालून वरपर्यंत बर्फ. मीच बसवली होती. पायांचे गठ्ठे गाडीतून आलेच नाहीत, वरचे म्हणाले चालतंय, लावून टाका."

मला शंभर टोमणे सुचले. एकही मारला नाही. (एक मारला: "गोधडीवर फार हसला होतास.") तो म्हणाला, "तो कागदही बदलून घेतो, आजी."

विटा आमच्याच, जुन्या चुलीच्या. न्यायला आले तेव्हा अर्ध्या मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपवल्या होत्या. त्यानं वीज तोडली, नळ्या सैल केल्या. मग बांबू, दोर, आणि आम्ही चार बायका. डुकरीण तीनचाकीत चढवताना करतो तसं — "हं, आता! पाठ सांभाळ! श्यूये, बडबड नंतर!" उचलली. दोन्हीकडे विटांचे खांब, मध्ये मोकळं. पुढून बोटभर उतार. खाली कुदळीनं चर काढला, थेट परसातल्या आळ्यापर्यंत. बांबू माझ्या पायावर आला, अंगठा निळा झालाय. म्हाताऱ्याला दाखवला. त्यानं नुसता हात ठेवला त्यावर.

तिथी ११

सोळा.

तिथी १४

एकोणीस! बाहेर धुकं इतकं की भिंत दिसत नाही. गल्लीत सगळ्यांच्या पेट्या पांढऱ्या, माझी कोरडी. चरातून पाणी पळतंय. तासाभरानं जाऊन ऐकते. असा आवाज तर लेकीच्या पैंजणांचाही नसेल. (लेक मला नाही, पण असती तर.)

तिथी १८

सहाही पेट्या विटांवर चढल्या. पांग रोज "न येता" येतो. आज भोंगा: "कमिटीच्या मार्गदर्शनाखाली गावातील मशीन उंच करण्याचं काम सुरू आहे."

मार्गदर्शन! पेज परत मागणार आहे मी.

तिथी २३

चुलीच्या देवाला आज वर पाठवायचं. वर्षभराचं घरचं सगळं तो आकाशात जाऊन सांगतो, म्हणून तोंडाला चिकट साखर लावायची. चूल राहिली नाही, म्हणून यंदा त्याचं चित्र भाताच्या कुकरमागे चिकटवलं होतं. बिचारा. साखर दुप्पट लावली. म्हटलं, सगळं सांग, गोधडीचं सांगू नको.

म्हाताऱ्यानंही साखर मागितली. दातांची कवळी चिकटली. तासभर झगडलो दोघं.

तिथी २८

चांगशुन आला. बूट काढायच्या आधी भिंतीवरचा आकडा बघितला. एकवीस. खिशातून स्वतःचा तापमापक काढला — आणला होता, चोर! — त्यातही एकवीस. कोट काढला. मग स्वेटर.

"आई, हे तू केलंस?"

"नाही रे. कमिटीच्या मार्गदर्शनाखाली."

पहिला महिना, तिथी ३

च्याओझच्या पाऱ्या लाटून, सारण भरून हात दुखतायत. घर भरलंय. चांगशुन बापाशेजारी खांगवर उघड्या अंगानं लोळतो. आज जेवताना म्हणाला, "हरलो बाई. केंद्रात फोन करून जागा सोडली. बाबा इथंच राहतील."

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. जिंकलो ना आपण? त्यानं दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "हं."

दुसरा च्याओझ त्यानं खाल्ला नाही. पोट भरलं असेल.

तिथी ६

चांगशुननं गाडी सुरू केली होती. निरोप घ्यायला आत आला तर म्हाताऱ्यानं त्याची बाही धरली. सोडेना. मग बोलला, एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा. "मी... येतो. चालायला... शिकायचंय."

मी म्हटलं, मग दीड महिना गप्प का बसलास, मेल्या?

"गार... होतं तेव्हा... गेलो असतो... तर तू... हरली असतीस."

चांगशुन बाहेर उभा राहून केंद्राला फोन करतोय, जागा आहे का म्हणून. मी म्हाताऱ्याचे बूट शोधतेय. दीड वर्षात लागलेच नाहीत त्याला. कुठं ठेवले मी?