दोन अक्षरांचं नाव

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी आज शाळा सुटल्यावर मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवलं नाही. पोरं घरी गेली, खिचडीची भांडी घासून झाली, मी मात्र दुसरीच्या वर्गात तशीच बसून आहे. माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. ती कशी निस्तरायची हे तुम्हाला कळलं असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. लहान मुलांना आपल्या मनातलं ओळखायला आणि बोलायला शिकवायचं. भीतीला नाव दिलं की ती लहान होते, असं तिथं सांगितलं. मला ते पटलं. अजूनही पटतं, हीच तर पंचाईत आहे. परत आल्यावर मी पोरांना गोल बसवलं आणि एकेकाला विचारलं, कशाची भीती वाटते? कुणी साप म्हणालं, कुणी अंधार. एक पोरगी मात्र नुसती मान हलवत राहिली. "आमच्या घरी नाव नाई घेत, बाई," म्हणाली. मोहफुलं वेचायचे दिवस होते. त्या दिवसांत आपल्याकडं जंगलातल्या त्या पट्टेवाल्याचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. काढलं तर तो ऐकतो. 'मोठा' म्हणायचं, नाहीतर नुसतं 'तो'. मी काय पुण्याहून आलेली होते का? माझ्या आईनं जन्मात कधी ते नाव घेतलं नाही. तरी मी म्हटलं, "शाळेत चालते, घे. काही होत नाई." ती माझ्या कानात पुटपुटली. मला तेवढ्यानं भागलं नाही. "मोठ्यानं म्हण." तिनं डोळे मिटून ती दोन अक्षरं मोठ्यानं म्हटली. मी एकटीनं टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवशी पहाटे तिची आई मोहाखाली वाकून फुलं वेचत होती. पुढचं मी लिहीत नाही.

पोरगी तेव्हापासून बोलत नाही. सुट्टी संपली, शाळा भरली, पाटी-पुस्तक घेऊन रोज येते, सांगितलं ते लिहिते, पण तोंड उघडत नाही. तिची आजी एकदा दारात उभी राहून म्हणाली, "पोरगी एकच खेप बोलली बाई, मायच्या मातीच्या दिवशी. म्या नाव घेतलं म्हून तो आला, म्हने. आता का करू मी? तुमीच सांगा तिले." म्हातारीला ठाऊक नव्हतं की नाव घ्यायला लावणारी तिच्यासमोरच उभी आहे. मी नुसती मान हलवली. मला माझीच किळस आली.

तुम्हाला आठवतं का बाई, मी तुमच्या वर्गात तिसरीत असताना माझा धाकटा भाऊ गेला होता? माझ्या वाट्याची चारोळीची चारं त्यानं खाल्ली म्हणून मी त्याला 'मर' म्हटलं होतं, आणि आठवड्याच्या आत तो तापानं आरमोरीच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेला. मीही अशीच गप्प झाले होते. तुम्ही काही विचारलं नाही. आपल्या घरच्या चुलीपाशी बसवून मला तांदळातले खडे निवडायला लावलंत. रोज सूप, रोज खडे. एकदा मी चांगला तांदूळही फेकायला लागले, तेव्हा रागावलात, "अन्न आहे ते! ध्यान कुठी आहे तुयं?" आणि मी रडत सगळं सांगून टाकलं. तुम्ही सूप बाजूला ठेवलंत. माझी हनुवटी धरून म्हणालात, "मले म्हण. मर म्हण मले." मी नाही नाही म्हणत होते. तुम्ही हनुवटी सोडली नाही. शेवटी मी म्हटलं. "आता उद्या पाह्य, येते का नाई मी शाळेत." दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी तुम्ही फाटकात उभ्या होतात. तिसऱ्या दिवशीही. आठव्या दिवशी मी फाटकाकडं बघणं सोडलं.

आज मी त्या पोरीला माझ्याजवळ बसवून सूपभर तांदूळ दिले. तिनं मुकाट्यानं खडे काढले. मी म्हटलं, "माझी चूक आहे, मी तुला म्हणायला लावलं. पण नाव घेतल्यानं कोणी येत नाई बेटा. नावात काही नसते." तिनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी, बाई.

"मंग तुमी म्हना ना."

आमचे हे वडशाच्या भातगिरणीत कामाला आहेत, रोज दिवस बुडताना जंगलातल्या रस्त्यानं गाडीवर एकटे येतात. मला तेवढंच दिसत होतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, आणि पुन्हा खाली बघून खडे निवडायला लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. तुम्ही स्वतःचा जीव पुढं केलात. माझ्याच्यानं दोन अक्षरं निघाली नाहीत.

हा कागद मी कुठं पाठवणार? फाडून चुलीत घालीन. पण बाई, एवढं सगळं लिहिलं, वरपासून पुन्हा वाचून पाहिलं, आणि ते नाव मी कागदावरसुद्धा एकदाही लिहिलेलं नाही. दिवस बुडाला. यांची गाडी अजून आली नाही.