कोरा पेपर

३ फेब्रुवारी, मंगळवार

लेक कॉम्प्युटरमध्ये नापास! शंभरात अकरा. बाकी विषयांत ऐंशीच्या वर. कॉम्प्युटरच्या कॉलेजचा ध्यास तिचाच – इथून आठ तासांवर आहे ते. विचारलं तर म्हणे, जमत नाही. सातवीत असताना माझं कामाचं वेळापत्रक – कुठल्या इमारतीची लिफ्ट कधी तपासायची – हिनेच कॉम्प्युटरवर बसवून दिलं होतं.

खाजगी शिकवणी लावावी का? बायकोला विचारलं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिची जीभ अडखळते. "लाव," एवढंच म्हणाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कामावरच्या जोडीदाराला सांगितलं. हसला. म्हणे, लिफ्ट अडली की आधी वीज आहे का बघतोस, मोटर नंतर खोलतोस. पोरीच्या बाबतीत एकदम मोटरलाच हात? खरं आहे. आधी शाळेत जाऊन येतो.

७ फेब्रुवारी, शनिवार

बाईंनी पेपर पुढ्यात ठेवला. पहिलं पान अचूक. पुढची सगळी कोरी. वर्गात अडलेल्यांना हीच समजावून सांगते म्हणे. पुन्हा परीक्षा देता येईल – पालकाच्या सहीचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा.

८ फेब्रुवारी, रविवार

तरी एकदा शिकवणीच्या सरांना बोलावलं. तासभर बसले तिच्यासोबत. जाताना जिन्यात म्हणाले, "हिला मी काय शिकवू? सगळं येतंय तिला. घरात काय चाललंय ते बघा."

स्वयंपाकघरात लेकीला विचारलं, नळ चालू ठेवून – आईला ऐकू जायला नको. किती तरी वेळ एकच पातेलं घासत राहिली.

"पास झाले तर तुम्ही मला पाठवाल, बाबा. मग आईला कुशीवर कोण वळवणार?"

मी आहे ना, असं म्हणायला हवं होतं. नळ बंद केला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज मीच वळवायला गेलो. चादर ओढली तशी बायको कळवळली. लेक धावत आली. एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली – झालं. दोन वर्षं ती हे रोज करतेय. मी कामावर असतो. मला साधी उशी कुठे लावायची तेही माहीत नाही.

लाज वाटली. तरी तिने हातातून काम काढून घेतलं तेव्हा हायसंही वाटलं. हे कुणाला सांगणार?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सही केलेला फॉर्म घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. उघडंच होतं. माघारी फिरलो. लेकीला सांगितलं, मुदत कालच संपली.