कुलूप शाबूत हाय

अहो,

घर फुटलं! घाबरू नका, मी धडधाकट हाय. शेताकडं गेले तवर चोरांनी मागली भिंत फोडून दागिन्यांची पेटी नेली. तुमी हैदराबादेहून आणलेलं दाराचं कुलूप शाबूत हाय, त्यातच ही चिठ्ठी अडकवलीय.

पण पेटीत नुसती खापरं होती! तुमच्या कुलपाचा मला भरवसा नव्हता, म्हणून सोनं शेणात घालून म्या गवऱ्या थापल्या. तुमाला न सांगता केलं, रागवा खुशाल. कोणत्या गवऱ्यांत ते मात्र आता मलाबी आठवंना.

पाटलासंगं ठाण्यावर जबाब द्यायला चालले. चावी माझ्याकडंच राहिली, तवा भिंतीच्या भोकातनं आत या. भाकरी शिंक्यात हाय. बाजारातनं आलं की तुमाला कढत पाणी लागतं, पण आज गार पाण्यानंच आंघोळ करा!

महानंदा