आधी माझ्या डोक्यावर

३ जून
लागली एकदाची नोकरी! विस्मरण जडलेल्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात. आई सगळ्यांना सांगतेय, पोरगी डॉक्टर झाली. मी आपली टोपी घालणारी. रबरी टोपीत मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज, त्यांतून अगदी हलकी वीज, आठवणींना जरा आधार म्हणून. दुखत नाही, नुसत्या मुंग्या येतात. पेशंट घाबरू नये म्हणून टोपी आधी स्वतःच्या डोक्यावर चढवून दाखवायची, ही इथली रीत. आईच्या मते माझं डोकं रिकामंच आहे, तेव्हा बिघडायचं काय? खोली हवेशीर आहे. खिडकीखाली अंगण आणि पाण्याची मोठी टाकी.

५ जून
माझ्या वाट्याला शिवणवाल्या आजी आल्या. जन्मभर कपडे शिवले, अजूनही दिसेल त्याचं माप वितीनं घेतात. माझ्या नाकाचंही घेतलं. पोटच्या लेकीला मात्र ओळखत नाहीत. सारखं विचारतात, बाळ कुठंय. लेकीनं मला बाजूला नेऊन सांगितलं, की धाकटा भाऊ लहानपणीच घरच्या टाकीत बुडून गेला. "आई ते विसरली, तेवढं बरं झालं. आईनं एकदा मला नावानं हाक मारली की पुरे," लेक म्हणाली. मला भरून आलं. आजी टोपीला बिचकतात, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. आधी मी, मग त्या, मग परत मी. तीच ओली टोपी. आजी खुदकन हसल्या.

१२ जून
आजींनी लेकीला हाक मारली! लेक रडली, डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. आनंदाच्या भरात लेकीनं बाळाचा विषय काढला, तर आजी शांतपणे म्हणाल्या, "मला एकच मुलगी."
मला मात्र दिवसभर एक निळा सदरा दिसतोय. पांढरी बटणं, एकच लाल. पांढरी संपली होती.

१५ जून
घरी आईच्या कपड्याला काजं केली. सुबक. मला साधं बटण लावता येत नसे. आईनं विचारलं, कुठं शिकलीस गं? मी तिच्याकडे बघत राहिले. ही बाई कोण, ते क्षणभर आठवेना.

१८ जून
लेकीला विचारलं, बाळाचा सदरा कसला होता. निळा, म्हणाली. मग तिनं हात जोडले, आता उपचार मध्येच थांबवू नका. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, इतक्याशा विजेनं असं होत नसतं, झोप घ्या. मला मूल नाही. लग्नच झालेलं नाही. मला मूल नाही.

२१ जून
टोपी घातली नाही. तरी तोंडात खारट पाणी— आणि त्याच्या केसांचा वास—

२३ जून
आजी मजेत. मला म्हणाल्या, "रडू नका हो बाई. कुणाचं मूल गेलं?"


२४, भरदुपार
टाकीचं झाकण उघडं. कुणी उघडलं— मी? पाण्यात कुणी नाही, माहीत आहे. माझा नाही, तेही— पण एक चिमुकला हात वर येतोय. लाल बटण. त्या दिवशी त्यानं हाक मारली तेव्हा मी शिलाई मशीनवर होते, म्हटलं एवढी शिवण पुरी करते आणि उठते— आज नाही. आज लगेच. आले रे बाळा, आले, एवढी ओळ पुरी करते आणि—