टेपमधली माझी पाळी

आप्पा, तुमच्या सगळ्या कॅसेट आता माझ्या ताब्यात आहेत. धाकट्या भावानं त्या पेन ड्राइव्हवर घालून आणल्या. तुमचं भजनी मंडळ आता तोच चालवतो. पुण्यतिथीला देवळातल्या कर्ण्यावर तुमचा आवाज लावायचाय म्हणाला. "आक्का, चांगलं तेवढं ठेव. आप्पा कुठं खोकलेत, चुकलेत, ते समदं काढ." मी व्हय म्हटलं. बेळगावच्या स्टुडिओत वीस वर्षं मी हेच करत आलेय. शाळांच्या जाहिराती असोत की प्रचाराच्या रिक्षांची भाषणं, मराठी असो की कानडी, लोकांच्या चुका काढून त्यांना शहाणं करून देते. तुमच्या चुका मात्र मी एकेक करून जपून ठेवल्यात.

उचगावच्या घरी पुढच्या सोप्यात बसून तुम्ही चाली टेप करायचात, निपाणीकडच्या मंडळांना ऐकून बसवता याव्यात म्हणून. आधी तुम्ही ओळ म्हणायची, मग आम्ही पोरांनी एकेकानं पाठोपाठ, आणि सगळ्यांत शेवटी मी. माझी पाळी आली की तुमचं बोट पॉजच्या बटणावर जायचं. मी तरी म्हणायचेच. एकदा धीर करून विचारलं, माझंच का बंद करता, तर सगळ्यांदेखत म्हणालात, "तुझा सूर बसत न्हाय गं. टेप वाया जाती. टाळ धर." चौदा वर्षांची होते मी. त्यानंतर आजतागायत गायले नाही. माझ्या पोरीला अंगाईसुद्धा मोबाईलवरच लावली.

आता आवाज पडद्यावर दिसतो, आप्पा. तुमची ओळ, धाकट्याची ओळ, आणि जिथं मी होते तिथं एक बारीक उभी रेघ. टक्. पुढच्या ओळीनंतर पुन्हा टक्. राग अजून तेवढाच ताजा आहे, हे मला त्या रेघा बघून कळलं. मग एका गवळणीत तुमचा वरचा सा घसरलेला सापडला. चांगलाच घसरलाय, वर खोकलाही आहे. तेवढा तुकडा सिलेक्ट केला, अगदी सुरुवातीला नेऊन लावला आणि आवाज थोडा वाढवला. लई बरं वाटलं.

एका कॅसेटमध्ये मात्र तुम्ही पॉज करायला विसरलात. बाहेरून कुणीतरी हाक मारतं, तुम्ही उठून जाता, आणि टेप चालूच राहते. मी गातेय, सबंध कडवं. हे तुमच्या घसरलेल्या सा ला लागूनच ठेवायचं मी ठरवलं. कुणाचा सूर बसत नव्हता, ते गावच ठरवील. हेडफोन कानावर दाबून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग एकेक ओळ वेगळी करून ऐकली.

सूर बसत नाही. एकाही ओळीत बसत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घसरलेला सूर उचलून हवा तिथं ठेवता येतो. तुमचा मी आहे तसाच ठेवलाय. उद्या देवळात लोक म्हणतील, लेक बापापेक्षा बरी गायची की. धाकट्यानं विचारलं तर मी काही सांगणार नाही, आणि हे पत्रही कुठं जाणार नाही. म्हणून तुम्हाला तेवढं सांगते: माझं कडवं दुरुस्त करायला मला दोन दिवस लागले.