रुद्राणीला येणारा एकच रशियन शब्द

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नांदेड
ता. १० एप्रिल १९८३

चि. शिवकन्या हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि लग्नपत्रिका बुधवारी मिळाली. पाकिटावर तू ‘जि. लातूर’ दोनदा अधोरेखित केलं आहेस. अजून उस्मानाबादच हाताला येत असेल. नव्या जिल्ह्याबद्दल दाजींनी काढलेला उद्गार वाचून हसलो. “कचेरी जवळ आली, पानी लांब गेलं.” इथेही नळ तीन दिवसांनी येतो. कॉलेजच्या परीक्षा चालू आहेत. पोरं पेपर सोडून माठापाशी उभी राहतात.

तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. एक, बोहल्यावर मामा म्हणून तुझ्यामागे मी उभं राहावं. दुसरी, एक शब्द विचारला आहेस. दुसरीचं उत्तर आधी देतो. शिक्षकाला तेच सोपं जातं.

तू लिहितेस, माझं पत्र आलं की आई ते चुलीपाशी ठेवायची आणि म्हणायची, “आला ब्रात.” इंग्रजीच्या तासाला तुला तो शब्द भेटला. कोशात ‘लाडावलेलं, हट्टी पोर’ असा अर्थ निघाला. आईला इंग्रजी कुठून येत होतं, असं तू विचारतेस.

तिला इंग्रजी येत नव्हतं. इंग्रजांचा हा शब्द वेगळा. ते त्याचा उच्चारही ब्रॅट असा करतात. तो कुठून आला, हे त्यांनाही नक्की ठाऊक नाही. काही जण म्हणतात, लहान मुलाच्या अंगावरच्या जुनेराला तो शब्द होता, तो पुढे मुलालाच चिकटला. आयर्लंडमध्ये त्याच चार अक्षरांचा अर्थ पांघरूण, आता झेंडासुद्धा. जर्मन लोकांत तो मांस भाजण्याशी जोडलेला आहे. हे दाजींना सांगू नकोस, ते त्या दिवशी जेवणार नाहीत. आणि रशियनमध्ये ब्रात म्हणजे भाऊ. हा मात्र आपल्या भ्रात्याचा सख्खा. एकाच मुळाचे दोघे, फार पूर्वी वेगळे झालेले.

तुझ्या आईला यातला एवढा एकच अर्थ माहीत होता. तो मी शिकवला होता.

हैदराबादला रशियन शिकायला लागलो त्या वर्षी सुट्टीत तुमच्याकडे आलो होतो. तू सहा वर्षांची होतीस. रुद्राणीअक्का धपाटे थापत होती आणि मी शेजारी बसून शब्द पाठ करत होतो. ती म्हणाली, “आन् भावाला काय म्हनत्यात रं?”

“ब्रात.”

“ह्ये तर आपलंच हाय की. पोथीतलं. ह्येच्यासाठी हैद्राबादेला जावं लागतंय व्हय?”

त्यानंतर मी दारात आलो की ती हाक मारायची, “काय ब्रात, कवा आलास?” गल्लीतल्या बायकांना वाटे, माझं घरातलं नावच ते आहे.

मग दुष्काळ आला. बहात्तरचा.

यापुढचं मी दहा वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. तू त्या दिवशी शाळेत होतीस. आईने तुला सांगितलं नसणार. ती सांगणारी नव्हती.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये दोन रशियन पाहुणे दुष्काळी कामं पाहायला आले. मी त्यांचा दुभाषी होतो. त्यांत एक वयस्कर बाई होत्या, येलेना पेत्रोव्ना. सकाळी जीपमध्ये त्यांनी विचारलं, तुमच्या घरचं कसं चाललंय? सोबत दोन मोठे अधिकारी होते. मी म्हणालो, आमच्या लोकांची मोठी शेती आहे, विहिरींना पाणी आहे, दुष्काळ आमच्यापर्यंत पोचलेला नाही. कुणी न मागता एवढं सगळं बोललो.

दुपारी चाकूरजवळच्या तलावाच्या कामावर उतरलो. बायका खडी फोडत होत्या. पाहुण्या बाई एका ढिगापाशी थांबल्या. ढिगामागची बाई हातोडा ठेवून उभी राहिली. ती अक्का होती.

तुमची विहीर आटली, हे मला माहीत होतं. अक्का कामावर जाते, हे माहेरी कुणालाच माहीत नव्हतं. डोळ्यांपर्यंत पदर, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला पाहून ती लाजली नाही. हसली. पदरानं तोंड पुसलं आणि त्या बाईंना म्हणाली, “ह्यो माझा भाऊ हाय बाई. पाठचा.”

येलेना पेत्रोव्नांनी माझ्याकडे वळून विचारलं, काय म्हणतात या?

रशियनच्या पहिल्या धड्यातलं वाक्य होतं ते. मी म्हणालो, “त्या म्हणतात, पाणी फार लांबून आणावं लागतं.”

बाईंनी अक्काचा हात हातात घेतला आणि हळहळल्या. अक्का त्यांच्याकडे पाहत नव्हती. माझ्या ओठांकडे पाहत होती. तिला रशियनमधला एकच शब्द येत होता. तो ऐकायला ती थांबली होती, आणि तो आला नाही.

मुकादम ओरडला, “ए बाई, बस खाली. पाव्हन्यास्नी पुढं जायचंय.”

तिनं हातोडा उचलला. मला म्हणाली, “बरं साहेब.”

नंतर मी जात राहिलो, पत्रं लिहीत राहिलो. तिनं कधी विषय काढला नाही. चहा दिला, धपाटे दिले. दारात फक्त “ये” म्हणायची. मला वाटायचं, तो शब्द ती विसरली. तिची उत्तरं तूच लिहायचीस. ‘आई नमस्कार सांगते, इकडे सर्व ठीक.’ त्या ओळींत मी पुष्कळ शोधलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मातीला पोचलो, पण माफी मागायला आठ वर्षं उशीर झाला होता.

तुझ्या पत्रामुळे कळलं की ती तो शब्द विसरली नव्हती. चुलीपाशी म्हणत होती. रागानं की कशानं, ते तू ऐकलं आहेस, मी नाही. तुला तो चिडका सूर वाटला, असं तू लिहितेस. तसाच असेल.

आता पहिल्या गोष्टीचं. पोरीच्या मागं मामानं उभं राहायचं ते ती आपली आहे, हे चार लोकांत सांगायला. चार लोकांतच तुझ्या आईची ओळख मी दिली नव्हती. हे ठाऊक नसताना तू मला मागं उभं करावंस, हे मला जमेना, म्हणून लिहिलं. तुला नको वाटलं तर शिवलिंगला सांग. चुलत असला तरी मामाच आहे, आणि साधा माणूस आहे. मी मांडवात मागच्या रांगेत बसेन. कारण कुणी विचारणार नाही. विचारलं तर मी सांगेन.

दाजींना हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल.

मामा म्हणून सही करायची की नाही, ते तुझ्या उत्तरावर. आज एवढीच करतो, जी त्या दिवशी करायची होती.

रुद्राणीचा पाठचा भाऊ,
बसवंत