संवेदनशील त्वचेचा माणूस

७ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. निश्चय पक्का. पुढच्या जूनमध्ये इंग्रिडचं लग्न, तळ्याकाठी, तंबू वगैरे. मुलीच्या लग्नात मार्लिस मला बघेल आणि मला सोडून त्या डुएनशी लग्न केल्याने आपलं काय गेलं ते तिला कळेल. घटस्फोटाला चार वर्षं झाली, तरी तिला ते नीट कळलेलं नाही. त्यासाठी चेहरा हवा. बाकी सगळं माझ्याकडे आहेच.

८ सप्टेंबर

मॉलमध्ये गेलो. आधी आपली स्किन कसली ते ओळखायचं, मग ब्रँड निवडायचा, असं शास्त्र आहे. काउंटरवरच्या मुलीच्या नाकात तीन रिंगा. तिने गाल बघून सांगितलं की सर, तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे, साधं मॉइश्चरायझर घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट वापरून बघा. सेन्सिटिव्ह! आणि मार्लिस जन्मभर म्हणत आली की मला भावनाच नाहीत. मुलीचे मनापासून आभार मानले. साधं मॉइश्चरायझर घेतलं नाही. तीन ब्रँड घेतले : नॉर्डलिस, डॉ. वेल्बर्न आणि एक कोरियन, ज्याच्यावर गोगलगाय आहे. स्पर्धा लावली. कपाळ नॉर्डलिसला, डावा गाल डॉक्टरला, उजवा गोगलगायीला.

१९ सप्टेंबर

डावा गाल लालभडक, उजव्यावर पुरळ, कपाळाची सालं निघतायत. उत्तम. व्हिडिओत सांगितलंय, याला पर्जिंग म्हणतात. आतली घाण आधी बाहेर येते, मग तेज. म्हणजे जितकं वाईट दिसेल तितकं लागू पडतंय. माझ्याइतकं कुणाला लागू पडलेलं दिसत नाही. तिघांतला एकही हरायला तयार नाही. उद्यापासून तिन्ही सगळीकडे.

२ ऑक्टोबर

चावताना गाल चरचरतात. फक्त सूप. पँट सैल झाली, जबड्याची हाडं दिसू लागली. हा फायदा तर डब्यावर लिहिलेलाही नव्हता. कार्पेटच्या दुकानात मालकाने मला गिऱ्हाइकांपुढून उठवून मागे गोदामात बसायला सांगितलं. आराम कर म्हणाला. बढतीची सुरुवात अशीच होते.

९ ऑक्टोबर

नवीन : कोळशाचा काळा मास्क. वाळला की ओढून काढायचा. ओढला. भुवया मास्कबरोबर आल्या. दोन्ही.

मास्क बेसिनवर ठेवून बघितला. माझ्यापेक्षा त्याला शोभत होत्या. असो. भुवया नसल्या की माणूस लहान दिसतो. तान्ह्या बाळांना कुठे असतात. लोकरीची टोपी खाली ओढून घेतली.

१० ऑक्टोबर, रविवार

टोपी घालूनच चर्चला गेलो. मागचा बाक. पुढे मार्लिस आणि डुएन. मार्लिसने मागे वळून पाहिलं आणि पाहतच राहिली. डोळे भरून आले तिचे. शेवटी दिसलं तर! डुएनही वळला. तो हात धुवायच्या वडीने तोंड धुतो, तरी गाल लोण्यासारखे. अशा लोकांना त्याची किंमत नसते.

१७ ऑक्टोबर, रविवार

पाद्रीबाबांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. टॉलेफसन आजी (खुबा) आणि गॉर्डन (दुसरा झटका) यांच्या लगेच नंतर. चर्चच्या तळघराला कार्पेट स्वस्तात दिलं होतं मी. लोक विसरत नाहीत.

संध्याकाळी शेजारच्या दोघी हॉटडिश घेऊन आल्या. कीमा, बटाटे, वर चीज. दोघी विधवा. दारातच रडायला लागल्या. का ते विचारलं नाही, त्यांनीही काही विचारलं नाही. मिनेसोटात कुणी कुणाला तोंडावर काही विचारत नाही. सभ्य लोक आहोत.

२६ ऑक्टोबर

इंग्रिडचा फोन. लग्न जूनवरून नोव्हेंबरवर आणलंय. तळं रद्द, तंबू रद्द, आता चर्चच्या तळघरात. म्हणाली, बाबा, तू असायला हवास. मी कुठे जाणार होतो? घाई बघता पाळणा हलणार असं दिसतं. विषय काढला नाही.

आता मास्क आठवड्यातून दोनदा करावा लागणार.

३ नोव्हेंबर

पहिला मोठा बर्फ. पडदा सारला तर डुएन माझ्या दारातला बर्फ फावड्याने काढत होता. न बोलता. हरलेला माणूस असा शांत होतो. खिडकीतून हात केला. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

१३ नोव्हेंबर, लग्न

नाचताना इंग्रिड सबंध गाणंभर माझ्या खांद्यावर रडली. मग मार्लिस शेजारी येऊन बसली. हातावर हात ठेवला.

“वर्लिन, कॅन्सर कुठे आहे तेवढं तरी सांग. बाकी काही विचारणार नाही.”

हसू आलं. सांगायला तोंड उघडलंही. पण तिचा हात तसाच होता. पलीकडे डुएन माझ्यासाठी केकची बशी घेऊन उभा, डोळे पुसत. इंग्रिड तळघराच्या खांबापाशी, कागदी फुलांखाली, माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. आपल्याला तळं का मिळालं नाही, ते तिला ठाऊक होतं.

मी म्हणालो, डॉक्टरांनी अजून आशा सोडलेली नाही.

“तू इतका हळवा आहेस, मला कधी दिसलंच नाही रे,” मार्लिस म्हणाली.

इतकं बरं वाटलं की लाज वाटली. घरी येऊन सगळ्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या. उद्या खरं सांगायचं. निश्चय पक्का.

१४ नोव्हेंबर

नाही सांगितलं. रविवार होता. चर्चमध्ये असलं काही बोलू नये.

२३ नोव्हेंबर

इतके दिवस तोंडाला फक्त पाणी. भुवया उगवतायत. गाल गुळगुळीत, कपाळ स्वच्छ. असा चेहरा माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळीही नव्हता. आरशासमोर बराच वेळ उभा होतो. घाम फुटला.

परवा थँक्सगिव्हिंग. मार्लिस जेवण घेऊन येणार, दिवसभर थांबणार. डुएननेच तिला थांब म्हणून सांगितलंय.

मॉलमध्ये गेलो. कोळशाचा मास्क, मोठी ट्यूब. तीन रिंगांवाली मुलगी म्हणाली, सर, तुमच्या स्किनवर हा नको. तिला सांगितलं, सगळे ब्रँड वापरून पाहिले, मला हाच सूट होतो.